चार्टवरचं समीकरण आणि टाकीतलं तेल

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत फिरलं, की शेडच्या मागे आडव्या ठेवलेल्या लोखंडी टाक्या दिसतात. कुठे फर्नेस ऑइल, कुठे जनरेटरचं डिझेल. आत किती तेल आहे हे पाहायची पद्धत जुनीच आहे. वरच्या झाकणातून डिप रॉड सोडायचा, रॉड कुठपर्यंत ओला झाला ते सेंटिमीटरमध्ये वाचायचं आणि टाकीबरोबर आलेल्या डिप चार्टवर त्या आकड्यासमोरचे लिटर बघायचे.

आता स्टोअरचा हिशोब एक्सेलमध्ये असतो, त्यामुळे कोणीतरी हुशारीने हा तक्ताही शीटमध्ये चढवतो. अकरा बिंदू टाकले, चार्ट काढला, ट्रेंडलाइन (बिंदूंवर बसणारी रेघ) लावली, बहुपदी निवडली, कोटी (म्हणजे सगळ्यात मोठा घात) ३ दिली आणि ‘समीकरण चार्टवर दाखवा’ या चौकटीत टिक केली. रेघ बिंदूंवर अगदी चपखल बसली. मग चार्टवर दिसणारं समीकरण बघून सेलमध्ये सूत्र टाइप केलं. डिप टाका, लिटर घ्या. काम झालं असं वाटतं. काही दिवसांनी स्टोअरचे भाऊ विचारतात, ‘साहेब, टाकी खाली असली का हिशोब बरोबर येते, भरली का दोनशे लिटर कुठं जाते जी?’ आणि संशय जातो तो टँकर घेऊन आलेल्या ड्रायव्हरवर.

ड्रायव्हरने काही केलेलं नसतं. दोनशे लिटर गेलेले असतात चार्टच्या लेबलमधल्या दशांश स्थळांत. बहुपदीचे सहगुणक चार्टमधून उचलून हिशोबात वापरणं किती निसरडं आहे, हे त्या टाकीवरूनच नीट समजून घेऊ. आकडे एका आदर्श टाकीचे घेतो, म्हणजे कोणालाही स्वतः करून ताडता येतील: सपाट तोंडांचं आडवं नळकांडं, व्यास २०० सेंटिमीटर, लांबी ६०० सेंटिमीटर. पूर्ण भरली तर १८,८५० लिटर.

अशा टाकीत प्रत्येक सेंटिमीटरला सारखं तेल नसतं. तळाशी रुंदी कमी, म्हणून पहिल्या २० सेंटिमीटरमध्ये जेमतेम ९८१ लिटर मावतात. मध्यावर टाकी सगळ्यात रुंद, तिथे एकेक सेंटिमीटर १२० लिटरचा. वर पुन्हा निमुळती. दर २० सेंटिमीटरला भूमितीने काढलेले लिटर असे येतात: ०, ९८१, २,६८४, ४,७५६, ७,०४१, ९,४२५, ११,८०९, १४,०९४, १६,१६६, १७,८६९ आणि १८,८५०. आलेख काढला तर ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा आकार दिसतो. सरळ रेषेने हे जमणार नाही, म्हणून बहुपदी.

बहुपदी म्हणजे क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन यांची बेरीज. प्रत्येकाला एकेका आकड्याने गुणलेलं. ते गुणणारे आकडे म्हणजे सहगुणक. कोटी ३ असेल तर सहगुणक चार: घनाचा, वर्गाचा, क्षचा आणि एक सुटं स्थिरपद. बिंदू अकरा आणि आपल्या हातात आकडे फक्त चार, तेव्हा वक्र सगळ्या बिंदूंतून जाईलच असं नाही. मग ‘सगळ्यात चांगला’ वक्र कोणता? प्रत्येक बिंदूवर खरा आकडा आणि वक्राचा आकडा यांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. ही बेरीज ज्या सहगुणकांनी सगळ्यात लहान होते ते निवडा. हीच लघुतम वर्ग पद्धत. लजांद्र या गणितज्ञाने ती १८०५ मध्ये छापली, गाउस या दुसऱ्या गणितज्ञाने १८०९ मध्ये, आणि आपण ती आधीपासून वापरत होतो असाही दावा केला. एक्सेल, गूगल शीट्स, लिबर ऑफिस कॅल्क, सगळ्यांची ट्रेंडलाइन आतून हेच करते.

आपल्या टाकीसाठी एक्सेल चार्टवर साधारण असं लिहील:

य = −०.००२८ क्ष³ + ०.८३०१ क्ष² + ३९.२७७ क्ष − ३६.८३

आता १८० सेंटिमीटरचा डिप घेऊ. टाकी काठोकाठ कोणी भरत नाही, त्यामुळे ही नेहमीची वरची पातळी समजा. वरच्या समीकरणात क्षच्या जागी १८० टाकलं, की उत्तर येतं १७,५९९. तक्ता सांगतो १७,८६९. म्हणजे २७० लिटर कमी. टँकर यायच्या आधी डिप ८० होता आणि रिकामा झाल्यावर १८० झाला, तर खरं उतरलेलं तेल १०,८२८ लिटर. शीट दाखवतं १०,६१४. हेच ते हरवलेले दोनशे लिटर.

हे २७० लिटर दोन वेगळ्या कारणांनी गेले आहेत आणि ती कारणं वेगळी ठेवायलाच हवीत. एक कारण वक्राचं: तिसऱ्या कोटीचा वक्र १८० वर मुळातच ७८ लिटर खाली बसतो. त्याकडे नंतर येतो. उरलेले १९२ लिटर निव्वळ आकडा गोल करण्याने गेले.

एक्सेलला आतून माहीत असलेला घनाचा सहगुणक −०.००२७६६९५६ असा आहे. लेबलवर जागा कमी, म्हणून तो −०.००२८ असा दाखवला. दिसायला चार दशांश स्थळं, पण सुरुवातीची शून्यं सोडली तर हातात आले दोनच अंक, २ आणि ८. फरक सव्वा टक्क्याच्या आत. पण १८० चा घन आहे ५८,३२,०००. त्याने गुणलं की घनाचं पद खऱ्यात −१६,१३७ असतं, गोल केल्यावर −१६,३३० होतं. सव्वा टक्काच चुकला, पण सोळा हजारांचा सव्वा टक्का.

खाली डिप असताना हीच चूक कळतसुद्धा नाही. ४० सेंटिमीटरला गोल करण्याचा फटका दोन लिटरचा आहे. म्हणून एक-दोन कमी डिप तपासून ‘सूत्र बरोबर आहे’ म्हणणं धोक्याचं. तपासायचं तर वरच्या टोकाला तपासा, तिथेच घात आपला रंग दाखवतात.

अजून खोलात गेलं तर एक गोष्ट दिसते, आणि मला ती या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८० वर पदं अशी आहेत: −१६,१३७, +२६,८९५, +७,०७० आणि −३७. मोठमोठे आकडे एकमेकांना कापतात आणि जे उरतं ते आपलं उत्तर. नागपूरच्या कळमना बाजारातल्या काट्यावर संत्र्यांनी भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट आणि ड्रायव्हरशिवाय तोलून, वजाबाकीने ड्रायव्हरचं वजन काढायला जावं, तसं हे आहे. काट्याची एवढीशी ढिलाई सगळी ड्रायव्हरच्या वजनात उतरते. इथेही एका मोठ्या पदातला छोटासा दोष थेट उत्तरात येतो. कोणी म्हणेल, डिप रॉड अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच वाचता येतो, मग सहगुणकाला दहा अंक कशाला? डिपची अचूकता आणि सहगुणकाचे अंक या दोन गोष्टींचा संबंध नाही. जास्त अंक लागतात ते कापाकापी नीट व्हावी म्हणून. मोजमाप तेवढं अचूक आहे असा दावा त्यात कुठेच नसतो.

कोटी वाढवली की हे अजून बिघडतं. त्याच टाकीला पाचव्या कोटीचा वक्र लावला, तर पाचव्या घाताचा सहगुणक लेबलवर −९ई−०८ असा दिसतो. यातला ‘ई’ म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’: −९ भागिले १० कोटी. लघुगणकातल्या २.७१८ शी त्याचं काही देणंघेणं नाही, पण तसा समज करून घेणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. आणि लेबलवर त्या सहगुणकाचा एकच अंक शिल्लक आहे, ९. आतला आकडा आहे ९.२. हा ०.२ चा फरक २०० च्या पाचव्या घाताने गुणला, की पूर्ण भरलेल्या टाकीवर सहाशेहून जास्त लिटर इकडचे तिकडे होतात. म्हणजे जास्त चांगला वक्र निवडला आणि उत्तर आधीपेक्षा वाईट आलं.

उपाय साधा आहे. चार्टवरच्या समीकरणावर राइट क्लिक करा, लेबलच्या फॉरमॅटमध्ये जा, नंबर या विभागात सायंटिफिक निवडा आणि दशांश स्थळं १४ करा. नुसतं ‘नंबर’ निवडून दशांश स्थळं वाढवली तर लहान सहगुणकांची बरीचशी स्थळं शून्यांनीच भरतात. सायंटिफिकमध्ये प्रत्येक सहगुणकाला सारखेच अंक मिळतात. आता ते उतरवून घ्या. मजकूर कॉपी करून सेलमध्ये चिकटवणार असाल तर एक सावधगिरी: वर चढवलेले घात चिकटवताना खाली उतरतात, क्ष³ चं ‘क्ष३’ होतं आणि सूत्र बनवताना घोटाळा होतो.

पण माझं स्पष्ट मत असं, की चार्टवरून आकडे उतरवूच नयेत. चार्टवरचं समीकरण डोळ्यांसाठी आहे. हिशोबासाठी सगळ्या शीट-सॉफ्टवेअरमध्ये लाइनेस्ट (LINEST) नावाचं फंक्शन आहे, ते वापरावं. पहिल्या रकान्यात डिप, दुसऱ्यात डिपचा वर्ग, तिसऱ्यात घन, चौथ्यात लिटर. लाइनेस्टला आधी लिटरचा रकाना द्यायचा, मग डिपचे तिन्ही रकाने. उत्तर शेजारशेजारच्या चार सेलमध्ये येतं. रकाने डावीकडून क्ष, क्ष², क्ष³ असे दिले तरी लाइनेस्ट सहगुणक उलट्या क्रमाने देतं: आधी घनाचा, मग वर्गाचा, मग क्षचा, शेवटी स्थिरपद. हा क्रम न बघता सूत्र जोडलं तर उत्तर भलतंच येतं. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत चार सेल निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. ३६५ आणि २०२१ मध्ये आकडे आपोआप पसरतात. वर्ग-घनाचे वेगळे रकाने न करता फंक्शनच्या आतच घात देण्याची आटोपशीर युक्तीही आहे, पण ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये थोडी वेगळी लिहावी लागते. वेगळे रकाने सगळीकडे चालतात आणि सहा महिन्यांनी शीट उघडणाऱ्यालाही समजतात.

लाइनेस्टचा दुसरा फायदा रोजच्या कामात जास्त जाणवतो. तक्त्यातला एखादा आकडा दुरुस्त केला की सहगुणक तिथल्या तिथे बदलतात. हाताने उतरवलेले सहगुणक मात्र तसेच राहतात, चार्ट नवा आणि सूत्र जुनं.

आता दुसरा खड्डा. चार्ट निवडताना ‘स्कॅटर’ऐवजी ‘लाइन’ निवडला, तर दोन्ही चित्रं जवळपास सारखी दिसतात; दर २० सेंटिमीटरने बिंदू असल्यामुळे आकार हुबेहूब तोच येतो. पण लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या आकड्यांना आकडे मानत नाही, नुसती नावं मानतो. त्याच्या लेखी पहिला बिंदू १, दुसरा २, अकरावा ११. मग समीकरण येतं: य = −२२.१३६ क्ष³ + ३९८.४४ क्ष² + ५५.०६३ क्ष − ४६८.२. हे समीकरण चूक नाही, पण त्यातला क्ष म्हणजे बिंदूचा क्रमांक आहे, डिप नव्हे. त्यात ६० सेंटिमीटर टाकले तर टाकीत उणे ३३ लाख लिटर तेल निघतं. इतकं वेडं उत्तर आलं तर निदान लगेच लक्षात येतं. खरा धोका असतो तो क्ष लहान असताना, समजा महिन्याचे दिवस किंवा पाळीचा क्रमांक. तेव्हा चुकीचं उत्तरही खपून जाईल इतकं खऱ्यासारखं दिसतं. बहुपदी लावायची तर चार्ट स्कॅटरच हवा.

तारखांचं प्रकरण याचंच पुढचं रूप. एक्सेल तारीख म्हणजे दिवसांचा अनुक्रमांक मानतं आणि १ जानेवारी १९०० ला १ धरतं. या मोजणीत १ मे २०२४ म्हणजे ४५,४१३. त्याचा घन जातो सुमारे ९४ लाख कोटींवर. मे महिन्याच्या एकतीस तारखांमध्ये हा आकडा ४५,४१३ पासून ४५,४४३ पर्यंतच सरकतो. एवढ्याशा पट्ट्यात क्ष, क्ष² आणि क्ष³ हे तिन्ही रकाने जवळजवळ एकाच चालीने वाढतात, कोणाचा वाटा किती हे गणिताला वेगळं करता येत नाही. संगणक साधारण १५ अंकांपर्यंत हिशोब धरतो. इथे त्यातले बहुतेक अंक कापाकापीतच खर्च होतात. असे एकसारखे रकाने दिसले की लाइनेस्ट कधीकधी एक रकाना फालतू समजून त्याचा सहगुणक सरळ ० देतं. तो शून्य बघून ‘घनाचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

टाकीच्या दशांशांचा प्रश्न आणि तारखांचा प्रश्न, दोन्हींवर औषध एकच आहे: क्षची सुरुवात सरकवा. तारखांमधून पहिली तारीख वजा करा, म्हणजे क्ष ० ते ३० होतो. त्याहून चांगलं म्हणजे मधली तारीख वजा करणं, मग तो −१५ ते +१५ होतो आणि रकान्यांची चाल खरोखर वेगळी पडते.

टाकीवर हे करून बघण्यासारखं आहे. डिपमधून १०० वजा करा, २० ने भागा आणि त्याला ट म्हणा. टाकीच्या मध्यावर ट शून्य, तळाशी −५, वर +५. आता वक्र लावला तर समीकरण येतं:

य = −२२.१३६ ट³ + २,४४५.७ ट + ९,४२४.८

वक्र तोच आहे, एका केसाचाही फरक नाही. फक्त लिहिण्याची पद्धत बदलली. आणि किती वाचता येऊ लागला बघा! ९,४२४.८ म्हणजे अर्ध्या टाकीतलं तेल. २,४४५.७ म्हणजे मध्यावर दर २० सेंटिमीटरला साधारण किती लिटर. वर्गाचं पद गायबच झालं, कारण टाकीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याचं प्रतिबिंब आहे आणि वर्ग हा भेद ओळखतच नाही. चौथी कोटी मागितली तर चौथ्या घाताचा सहगुणकही शून्यच येईल, फायदा काही नाही. क्षच्या समीकरणातल्या −३६.८३ आणि ०.८३०१ यांत असा काही अर्थ शोधून सापडला नसता. शिवाय हे समीकरण पाच अंकांवर गोल केलेलं असूनही १८० सेंटिमीटरला आतल्या पूर्ण सहगुणकांच्या उत्तरापासून एक लिटरही हलत नाही. आधी तेवढ्याच जागेत लिहिलेल्या समीकरणाने १९२ लिटर गमावले होते.

आता राहिलेले ७८ लिटर. इथे चार्ट आणखी एक आकडा दाखवतो, आर-स्क्वेअर, आणि लोक त्याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवतात. आपल्या टाकीसाठी तो ०.९९९९५ येतो. लेबलवर चार दशांश स्थळांत गोल होऊन तो दिसतो चक्क १. म्हणजे चार्ट म्हणतो ‘शंभर टक्के’, आणि तरीही १८० वर ७८ लिटर कमी, २० वर ७८ लिटर जास्त. २० सेंटिमीटरला खरं तेलच ९८१ लिटर असतं, तिथे सूत्र १,०५९ सांगतं. आठ टक्क्यांची चूक, आर-स्क्वेअर १. डिप शून्य असताना तर सूत्र टाकीत उणे ३७ लिटर दाखवतं.

असं होतं, कारण आर-स्क्वेअर विचारतो की एकूण चढउतारातला किती भाग वक्राने पकडला. टाकीतला चढउतार शून्य ते १८,८५० एवढा अवाढव्य आहे. त्याच्यासमोर ७८ किरकोळच. पण स्टोअरच्या हिशोबाला ते ७८ किरकोळ नाहीत. म्हणून आर-स्क्वेअरकडे बघण्याऐवजी शीटमध्ये दोन रकाने वाढवा: सूत्राने आलेले लिटर, आणि तक्त्यातून ते वजा केल्यावरचा फरक. मग त्या फरकांचा वेगळा चार्ट काढा. फरक वरखाली विस्कटलेले असतील तर ठीक. पण सलग काही वर, मग सलग काही खाली अशी लाट दिसली तर वक्राचा आकारच कमी पडतोय असं समजा. आपल्या टाकीत अशीच लाट दिसते. पाचवी कोटी घेतली की ती बरीच बसते आणि सगळ्यात मोठा फरक ७८ वरून १० लिटरवर येतो. अर्थात ट वापरून आणि पूर्ण अंकांनिशी.

मग कोटी वाढवतच का जाऊ नये? एक्सेल सहापर्यंत जाऊ देतं. कोटी वाढवली की आर-स्क्वेअर कधीच कमी होत नाही, वाढतो किंवा तेवढाच राहतो. बिंदूंपेक्षा एकने कमी कोटी घेतली तर वक्र प्रत्येक बिंदूतून जातो आणि आर-स्क्वेअर खरोखर १ होतो. पण बिंदूंच्या मधे तो कसा वागेल याची हमी कोणी देत नाही. कार्ल रुंगेने १९०१ मध्ये दाखवलं, की सारख्या अंतरावरच्या बिंदूंतून मोठ्या कोटीची बहुपदी नेली तर काही अगदी साध्यासुध्या वक्रांसाठीसुद्धा ती दोन्ही टोकांजवळ जोरात हेलकावे खाते. कोटी वाढवली तर हेलकावे कमी होण्याऐवजी वाढतात.

आणि बिंदूंच्या पलीकडे? नागपूरच्या तापमानावर हे करून बघू. जानेवारी ते मे दिवसाचं सरासरी कमाल तापमान, ढोबळ आणि गोल आकड्यांत: २९, ३२, ३६, ४०, ४३. या पाच आकड्यांतून तिसऱ्या कोटीची बहुपदी तंतोतंत जाते, आर-स्क्वेअर १, गोल केलेला नव्हे, खरा. आता ट्रेंडलाइन पुढे वाढवा. जूनला ती ४४ म्हणते, चालेल. जुलैला ४२, आणि इथेच फसली, कारण तोवर पाऊस येऊन पारा ३२ च्या आसपास उतरलेला असतो. ऑगस्टला ३६. ऑक्टोबरला ८. नोव्हेंबरला उणे १६ आणि डिसेंबरला उणे ४८. नवतपा सोसलेल्या नागपूरकराला डिसेंबरात सैबेरियाची थंडी! बहुपदीला मान्सून ठाऊक नाही. तिला फक्त पाच आकडे दिले होते आणि त्या पाचांवर तिने आपलं काम चोख केलं.

पुढचं सांगणं अशक्य असतं असं मात्र नाही. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोहून पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला सीरीस हा छोटा ग्रह दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्याचे वेध घेतले, मग तो सूर्याच्या तेजात हरवला. थोड्याशा वेधांवरून गाउसने त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सीरीस त्या हिशोबाच्या जवळ पुन्हा सापडला. फरक इतकाच, की गाउसने मनाने कुठलाही वक्र घेतला नव्हता. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केपलरपासून माहीत होतं. त्याने त्या आकाराचे आकडे शोधले. आकार निसर्गाच्या नियमातून आलेला असेल तर तो बिंदूंच्या पलीकडेही साथ देतो. नुसता डोळ्याला बरा दिसला म्हणून घेतलेला बहुपदीचा आकार बिंदूंच्या आतच वापरावा.

याच न्यायाने, टाकी खरोखर साधं नळकांडं असेल तर बहुपदीची गरजच नाही. भूमितीचं सूत्र थेट लिहा. पण खऱ्या टाक्यांची तोंडं फुगीर असतात, टाकी थोडी कललेली असते, आत नळ्या असतात. म्हणून तर कॅलिब्रेशन करून तक्ता देतात. तक्ता दर सेंटिमीटरचा असेल तर दोन ओळींमधला हिशोब त्रैराशिकाने करा. तो कुठल्याही बहुपदीइतकाच चांगला आणि कोणालाही तपासता येण्याजोगा. बहुपदी कामाला येते ती बिंदू थोडे आणि विरळ असताना, मोजमापांत थोडा कमीजास्तपणा असताना, किंवा सूत्र एखाद्या छोट्या मीटरमध्ये वा पीएलसीमध्ये (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकात) भरायचं असताना, जिथे अख्खा तक्ता मावत नाही पण चार आकडे मावतात.

तिथे भरताना नुसते चार आकडे देऊ नका. शेजारी लिहून ठेवा: क्ष म्हणजे डिप, सेंटिमीटरमध्ये, ट म्हणजे त्यातून १०० वजा करून २० ने भागलेला आकडा, सूत्र ० ते २०० च्या आतच चालतं, सहगुणक कोणत्या तारखेच्या तक्त्यावरून काढले, आणि १८० ला उत्तर किती यायला हवं. मीटर बदलणारा नवा माणूस आधी तो एक आकडा ताडून बघेल. आणि पुढच्या वेळी टँकर रिकामा झाल्यावर आकडा कमी आला, तर ड्रायव्हरला थांबवून ठेवण्याआधी तो डिप जुन्या कागदी तक्त्यावरही वाचून बघा.